बिस्किटांच्या पुड्यांतले अजगर

डिसेंबर २०२३. बँकॉकहून आलेला एक प्रवासी अंधेरीजवळच्या सहार विमानतळावर उतरला आणि महसूल गुप्तचर संचालनालयाच्या, म्हणजे डीआरआयच्या अधिकाऱ्यांनी त्याला बाजूला घेतलं. सामानात केकची आणि बिस्किटांची पाकिटं होती. पाकिटं उघडली तेव्हा आत जिवंत साप निघाले, एकूण अकरा. वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोने ओळख पटवली: नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक. दोन्ही जाती बिनविषारी, दोन्ही परदेशी. हे साप आले तिथेच, बँकॉकला, परत पाठवण्याचा आदेश निघाला.

बिस्किटांच्या पाकिटात अजगर मावतोच कसा, हा प्रश्न कुणालाही पडेल. उत्तर या सापाच्या स्वभावात आहे. बॉल पायथन घाबरला की फणा काढत नाही, सहसा फुत्कारत नाही, चावतही नाही. तो अंगाची गुंडाळी करतो, डोकं त्या गुंडाळीच्या मधोमध दडवतो आणि निपचित पडून राहतो. त्याचं इंग्रजी नाव या चेंडूसारख्या गुंडाळीवरूनच पडलं. पिल्लू असेल तर ती गुंडाळी तळहातावर मावते. आफ्रिकेच्या माळावर ज्या सवयीने त्याचा जीव वाचतो, त्याच सवयीमुळे तो तस्कराच्या पुड्यात सहज बसतो आणि तपासणी होईपर्यंत हालचालही करत नाही.

हे साप इतक्या लांबून आणले जातात, कारण इथे त्यांना गिऱ्हाईक आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या फ्लॅटमध्ये कुत्रा ठेवायचा तर सोसायटीत वाद होतात, मांजर ठेवायची तर खिडक्यांना जाळ्या बसवाव्या लागतात. त्यापेक्षा हा प्राणी भुंकत नाही, त्याचे केस गळत नाहीत, त्याला फिरायला न्यावं लागत नाही आणि आठवड्यातून एकदाच खातो. समाजमाध्यमांवर त्याचे पिवळे, पांढरे, नारिंगी फोटो दिसतात. ‘नवशिक्यासाठी सगळ्यात सोपा साप’ अशी त्याची ख्याती आहे आणि ती खोटी नाही. मात्र सोपा म्हणजे नेमकं काय आणि कुणासाठी, हे खरेदीआधी फार थोडे जण विचारतात.

वारुळात राहणारा राजा

शास्त्रीय भाषेत तो पायथन रेजियस, म्हणजे राजेशाही अजगर. १८०२ साली जॉर्ज शॉ या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. त्याचं घर पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत: घाना, टोगो, बेनिन, नायजेरिया आणि तिथून पूर्वेकडे. अजगर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर बकरी गिळणारं धूड उभं राहतं. हा त्या मानाने ठेंगू. पूर्ण वाढलेली मादी चार फुटांच्या आसपास, फार तर पाच. वजन दीड-दोन किलो. नर त्याहून लहान. दिवसभर तो उंदरांच्या बिळात किंवा रिकाम्या वारुळात पडून असतो आणि अंधार पडल्यावर बाहेर येतो. वरच्या ओठावर खळग्यांची एक रांग असते. त्या खळग्यांनी त्याला उष्णता जाणवते, आणि म्हणून मिट्ट काळोखातही उबदार रक्ताचा उंदीर नेमका कुठे आहे ते त्याला कळतं.

बेनिनमधल्या विदा गावात या सापाचं देऊळ आहे. तिथे त्याला मारणं निषिद्ध आहे आणि देवळातले अजगर रात्री आसपासच्या घरांत शिरले तर लोक त्यांना हलकेच उचलून परत आणून सोडतात. नागपंचमीला पाटावर नाग काढणाऱ्या मराठी माणसाला यात परकं काही वाटू नये. त्याच बेनिनमधून, शेजारच्या टोगो आणि घानामधून गेल्या काही दशकांत लाखो बॉल पायथन जगभरच्या पाळीव प्राण्यांच्या बाजारात गेले. त्यातल्या बऱ्याचशा व्यवहाराला ‘रँचिंग’ म्हणतात: रानातून गाभण माद्या पकडायच्या, त्यांची अंडी शेडमध्ये उबवायची आणि पिल्लं निर्यात करायची. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत आज हा साप ‘संकटाच्या उंबरठ्यावर’ या वर्गात आहे. दुकानात ‘कॅप्टिव्ह ब्रेड’ म्हणून जे पिल्लू विकलं जातं ते खरोखर घरातल्या जोडीचं आहे की रानातल्या मादीच्या पोटातून आलेलं आहे, हे नुसतं बघून ओळखता येत नाही. ओळख पटते ती कागदावरून.

आधी कागद, मग पेटी

कित्येक वर्षं भारतात या बाबतीत एक मोठी फट होती. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा देशी प्राण्यांसाठी लिहिलेला. आपला भारतीय अजगर त्यात सर्वोच्च संरक्षणाच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो घरी ठेवणं थेट गुन्हा. परदेशी प्राण्यांबद्दल मात्र कायदा जवळजवळ गप्प होता. चोरटी आयात हा कस्टमच्या कायद्याखाली गुन्हा होता, पण एकदा का साप विमानतळाच्या दाराबाहेर पडला की घरात तो बाळगण्यावर वन्यजीव कायद्याचा हात पोचत नसे. तस्कराला काळजी करायची ती फक्त त्या एका दाराची.

जून २०२०मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने एक योजना काढली. ज्यांच्याकडे परदेशी प्राणी आहेत त्यांनी सहा महिन्यांच्या आत स्वतःहून ते जाहीर करावेत, कागदपत्रं विचारली जाणार नाहीत. देशभरातून तीस हजारांहून अधिक लोकांनी नोंद केली. पुढे डिसेंबर २०२२मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती केली आणि ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली. ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतल्या जाती आता आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या. बॉल पायथन साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे तोही त्यात आला. २८ फेब्रुवारी २०२४ला नोंदणीचे नियम निघाले. ज्यांच्याकडे असे प्राणी आधीपासून होते, त्यांना ‘परिवेश २.०’ या संकेतस्थळावरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे अर्ज करायला सहा महिने मिळाले. त्यानंतर नव्याने प्राणी घेणाऱ्याला ताबा मिळाल्यापासून तीस दिवसांत अर्ज करावा लागतो. जन्म, मृत्यू, हस्तांतरण, सगळं कळवायचं.

याचा अर्थ बोरिवलीतल्या कॉलेजकुमाराने किंवा मुलुंडच्या नोकरदार जोडप्याने पहिला बॉल पायथन घेताना विचारायचा प्रश्न रंगाचा नाही, किमतीचाही नाही. विकणाऱ्याकडे स्वतःच्या नावाची नोंदणी आहे का, आई-बाप सापांची आहे का, पिल्लाचा जन्म कळवलेला आहे का, आणि हस्तांतरणाची नोंद तो करून देणार आहे का? ‘कागद नंतर पाठवतो’ म्हणणारा विक्रेता विमानतळावरच्या त्या पुड्यांशी कुठेतरी जोडलेला असू शकतो. सप्टेंबर २०२३मध्ये बंगळुरूच्या विमानतळावर एकाच खेपेत ५५ बॉल पायथन सापडले होते. ऑक्टोबर २०२२मध्ये मुंबईच्याच एअर कार्गो संकुलात शोभेच्या माशांच्या नावाखाली मलेशियातून आलेल्या पेट्यांत ६६५ प्राणी निघाले. कासवं, अजगर, सरडे, इग्वाना. त्यांतले ११७ प्राणी पेट्या उघडेपर्यंत मेलेले होते. जो साप पैसे मोजून घरी येतो, त्याच्या मागे असे न पोचलेले किती, हे विनाकागदाची खरेदी करणाऱ्याला कधीच कळत नाही.

पेटी आणि मुंबईची हवा

कागद हातात आल्यावर पेटीची तयारी, आणि तीही साप घरात येण्याआधी. परदेशी पुस्तकं आणि व्हिडिओ थंड देशांत बनतात. तिथली सगळी धडपड उष्णता आणि ओलावा वाढवण्याची. मुंबईत गणित उलटं होतं आणि महिन्यागणिक बदलतं.

या सापाला पेटीत एकच तापमान नको, उतार हवा. एका टोकाला ३१ ते ३३ अंश सेल्सियस, दुसऱ्या टोकाला २५ ते २७. खाल्लेलं पचवायला तो ऊन टोकाला जातो, अंग निववायला थंड टोकाला. दोन्हीकडे अंग घासून बसता येईल अशी अरुंद, काळोखी लपण्याची जागा लागते. मोठी, ऐसपैस गुहा बघायला छान दिसते, पण सापाला ती उघड्यावर बसल्यासारखीच वाटते. पाठीला आणि दोन्ही बाजूंना भिंत टेकली की तो सुखावतो. लपायला नीट जागा नसलेला साप खाणं सोडतो, आणि मालक मात्र उंदीर बदलून बदलून बघत राहतो.

जानेवारीत सांताक्रूझच्या वेधशाळेत पहाटेचं तापमान १७-१८ अंशांपर्यंत उतरतं. आरे आणि नॅशनल पार्कच्या कुशीतल्या वस्त्यांमध्ये आणखी थोडं खाली. तेव्हा पेटीखाली हीट मॅट लागते. मॅट असली की थर्मोस्टॅट असलाच पाहिजे, इथे काटकसर चालत नाही. सापाचं पोट भाजत असलं तरी तो तिथून वेळेवर उठतोच असं नाही. थर्मोस्टॅटशिवायच्या मॅटवर पोटाची खवलं भाजलेले साप पशुवैद्यांकडे येतात ते याच कारणाने.

मे महिन्यात प्रश्न थंड टोकाचा होतो. खोलीच ३३-३४ अंशांवर असेल तर पेटीत २६ अंश आणायचे कुठून? मॅट बंद करावी लागते, पेटी पश्चिमेच्या भिंतीपासून दूर न्यावी लागते. एसी लावला तर हवा कोरडी पडते. बॉल पायथनला ५५ ते ६५ टक्के आर्द्रता लागते, कात टाकताना थोडी जास्त. हवा कोरडी असली की कात अखंड मोज्यासारखी न उतरता तुकड्यातुकड्यांनी निघते आणि डोळ्यांवरचं पारदर्शक आवरण चिकटून राहतं. ते चिमट्याने ओढून काढायला गेलं तर डोळाच जायचा.

मग जून उजाडतो आणि आर्द्रता ८५ टक्क्यांवर जाते. पेटीतला नारळाचा भुसा सुकायचं नाव घेत नाही. सतत ओल्या भुशावर पडून राहिलेल्या सापाच्या पोटाची खवलं लालसर होतात, मग तपकिरी, मग सोलवटतात. म्हणून पावसाळ्यात भुशाचा थर पातळ करायचा, पाण्याचं भांडं लहान ठेवायचं, झाकणाची भोकं वाढवायची. ओल आणि गारवा एकत्र आले की छातीचा संसर्ग होतो: नाकपुडीशी फुगे, उघडं तोंड, श्वासाचा बारीक शिट्टीसारखा आवाज. यातलं काहीही दिसलं की घरगुती उपाय करायचे नाहीत, पशुवैद्य गाठायचा. मुंबईत कुत्र्या-मांजरांचे दवाखाने गल्लोगल्ली आहेत, सरपटणाऱ्या प्राण्यांना हात लावणारे मोजके. असा डॉक्टर कुठे बसतो हे साप घरी आणण्याआधीच माहीत करून ठेवलेलं बरं.

वीज हाही मुंबईकराने गृहीत धरलेला विषय. १२ ऑक्टोबर २०२०ला ग्रिड कोसळून लोकल गाड्यांसकट अख्खं शहर थांबलं होतं. तो ऑक्टोबर होता, उबदार होता, म्हणून सापांचं फारसं बिघडलं नसेल. जानेवारीच्या रात्री मात्र पेटीवर ब्लँकेट आणि आत कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली एवढी तजवीज पुरते.

उंदीर आणि घरातली माणसं

घाटकोपर पूर्व किंवा मुलुंडच्या कितीतरी इमारतींत बहुसंख्य घरं शाकाहारी आहेत. जिथे मासे तळल्याचा वास जिन्यात आला तरी कुजबुज होते, तिथे फ्रीजमध्ये मेलेले उंदीर ठेवायचे, हा विषय आई-वडिलांशी, सासू-सासऱ्यांशी, भाड्याचं घर असेल तर मालकाशी आधीच बोलून घ्यावा लागतो. आणलेला साप दोन महिन्यांनी ‘चांगल्या घरी द्यायचा आहे’ म्हणून पुन्हा बाजारात येतो, त्यामागे अनेकदा साप नसतो, फ्रीज असतो. निराळा छोटा फ्रीझर हा त्यावरचा सरळ उपाय.

उंदीर मेलेलाच का, याचं कारण सापाच्याच हिताचं आहे. जिवंत उंदीर स्वतःला वाचवायला चावतो, आणि भूक नसलेल्या सापाला त्याच्यासोबत रात्रभर कोंडलं तर उंदीर सापाची पाठ कुरतडून हाडं उघडी पाडतो. म्हणून गोठवलेला उंदीर आदल्या रात्री फ्रीझरमधून फ्रीजमध्ये काढायचा. दुसऱ्या संध्याकाळी पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवायचा. मायक्रोवेव्ह नको, त्यात तो आतून शिजतो आणि फुटतो. अंग ऊन लागलं, विशेषतः डोकं, की कोरडा पुसायचा आणि लांब चिमट्यात शेपटीकडून धरून पेटीत न्यायचा.

पुढचं दृश्य पहिल्यांदा बघणाऱ्याच्या लक्षात राहतं. लपणीच्या तोंडाशी आधी नुसती जीभ दिसते, काळी, दोन टोकांची. मग डोकं. मान इंग्रजी एस अक्षरासारखी मागे वळते आणि सगळं थांबतं. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा. चिमटा जरासा हलतो आणि झेप होऊनही जाते. डोळ्याला दिसतात ती थेट उंदराभोवतीची वेटोळी. उंदीर मेलेलाच असतो, तरी साप त्याला आवळतो, कारण शरीराला तेवढंच माहीत आहे. गुदमरून मारतो हा आपला जुना समज. अजगरासारख्याच आवळून मारणाऱ्या बोआंवर झालेल्या प्रयोगांत दिसलं की आवळल्यावर काही सेकंदांतच भक्ष्याचं रक्ताभिसरण कोलमडतं. काही मिनिटांनी विळखा सैल पडतो, साप नाकाने चाचपत डोकं शोधतो आणि गिळायला लागतो. त्याचा जबडा निखळत नाही. खालच्या जबड्याची दोन हाडं हनुवटीशी लवचिक अस्थिबंधाने जोडलेली असतात. एकदा डावी बाजू पुढे सरकते, एकदा उजवी. त्यानंतर दोन दिवस त्याला हात लावायचा नाही, नाहीतर खाल्लेलं ओकून टाकतो.

पिल्लाला आठवड्यातून एकदा, मोठ्याला दोन-तीन आठवड्यांतून एकदा, आणि उंदीर सापाच्या सर्वांत जाड भागाएवढाच. आणि तरीही एक दिवस तो खायचं थांबतो. हिवाळ्यात, विणीच्या काळात, कधी काहीच कारण न देता. निरोगी मोठा बॉल पायथन काही महिने उपाशी राहू शकतो. मालकाला हा काळ सापापेक्षा जड जातो. यावर उपाय एकच, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि एक वही. वजन टिकून असेल तर वाट बघायची. दहावा हिस्सा घटला तर डॉक्टरकडे.

जोडी लावण्याआधी

दोन-तीन वर्षं साप नीट सांभाळला की मनात पुढचा विचार येतोच: पिल्लं घ्यावीत का? कृती म्हणून हे अवघड नाही. अवघड आहे ते त्यानंतरचं, आणि ते आधी मांडलं पाहिजे. बॉल पायथन पाळणाऱ्याकडे सहज वीस-तीस वर्षं जगतो. फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात एक ४७ वर्षं जगला. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने जुलै २०२०मध्ये, वयाच्या बासष्टीच्या आसपास, सात अंडी घातली, तीही पंधराहून अधिक वर्षं नराचा सहवास नसताना. एका विणीत साधारण चार ते आठ अंडी. सहा पिल्लं म्हणजे सहा वेगळ्या पेट्या, सहा नोंदी आणि पुढच्या पंचवीस वर्षांसाठी सहा घरं. नोंदणी करून घेणारी, कागद सांभाळणारी, जबाबदार सहा माणसं आधी हेरून ठेवलेली नसतील तर नर-मादी एकत्र आणूच नयेत.

ती माणसं असतील, तर मादीचं वजन दीड किलोच्या वर आणि वय तीन वर्षांच्या आसपास हवं. त्याआधी अंडी धरलेली मादी खंगते. नर सहा-सातशे ग्रॅमचा, दीड-दोन वर्षांचा पुरतो. नोव्हेंबर ते मार्च हा हंगाम. रात्रीचं तापमान दोन-तीन अंशांनी खाली आणायचं आणि नराला काही दिवस मादीच्या पेटीत ठेवून परत काढायचं, असं पुन्हापुन्हा. मुंबईत हा रात्रीचा गारवा डिसेंबर-जानेवारी फुकट देतात.

पुढे मादी आपल्याला सांगत जाते. एक दिवस तिचं शरीर मधोमध असं फुगतं की मोठा उंदीर गिळल्यासारखं वाटावं. ती बीजं सुटण्याची वेळ, जेमतेम दिवसभराची. दोन-तीन आठवड्यांनी ती कात टाकते. त्या कातेपासून साधारण महिन्याभरात अंडी येतात. मधल्या काळात ती ऊन टोकाशी चिकटून असते, कधी पाठीवर उलटी पडून पोट वर करते, आणि नवखा मालक घाबरतो.

अंडी कोंबडीच्या अंड्यांसारखी कडक नसतात. कवच चामड्यासारखं, पांढरं, आणि अंडी एकमेकांना चिकटलेली. मादी त्यांभोवती विळखा घालून बसते आणि सोडवायला गेलं तर हीच शांत मादी फुत्कारून अंगावर येऊ शकते. अंडी ज्या बाजूने पडली तीच बाजू वर राहिली पाहिजे, कारण आत भ्रूण वरच्या कवचाला चिकटून वाढायला लागलेला असतो. म्हणून पेन्सिलीने वर खूण करून ती व्हर्मिक्युलाइट या खनिजाच्या ओलसर भुग्याच्या डब्यात ठेवतात. तापमान ३१ ते ३२ अंश, डब्यात हवा जवळजवळ पूर्ण दमट, काळ ५५ ते ६० दिवस.

इथे मुंबई फसवते. अंडी आली एप्रिलमध्ये, आणि तेव्हा खोलीच ३१ अंशांची. उबवणी यंत्र कशाला, असं वाटतं. पण दुपारी खोली ३५ अंशांवर जाते, आणि एवढी उष्णता टिकली तर अंडी मरतात किंवा पिल्लं पाठीचा कणा वाकडा घेऊन येतात. मग जूनच्या पहिल्या वादळी पावसात वीज जाते आणि पारा भराभर उतरतो. खोलीच्या भरवशावर सोडलेल्या अंड्यांपेक्षा थर्मोस्टॅटवरच्या जाड थर्मोकोलच्या पेटीतली अंडी हे चढउतार निभावतात.

साठाव्या दिवसाच्या आगेमागे अंड्यांना खळगे पडतात. मग एका अंड्यावर ब्लेडने ओढल्यासारखी बारीक चीर दिसते. पिल्लाच्या वरच्या जबड्याच्या टोकाशी त्या कामापुरताच आलेला एक इवलासा दात असतो, नंतर तो गळून पडतो. चिरेतून नाकपुड्या बाहेर येतात, एक बुडबुडा फुटतो, आणि पिल्लू तिथेच थांबतं, दिवसभर, कधी दोन दिवस. ते अडकलेलं नसतं. उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं. याच वेळी अधीर माणसाचा हात पुढे येतो, कात्रीने अंडं कापून पिल्लू ‘सोडवलं’ जातं आणि नाळेशी लोंबणाऱ्या बलकासकट ते दगावतं. थांबलं तर ते आपणहून सरकत बाहेर येतं: फूटभरापेक्षा थोडं लांब, साठएक ग्रॅमचं, ओलं आणि बघता बघता घट्ट गुंडाळी होणारं. आठ-दहा दिवसांत पहिली कात, त्यानंतर पहिला घास. काही पिल्लं आठवडेच्या आठवडे तोंड फिरवतात. पहिले तीन-चार घास घेतल्याशिवाय पिल्लू कुणालाही देऊ नये, हा जुन्याजाणत्या पाळणाऱ्यांचा शिरस्ता आहे.

रंगांचं गणित

पिल्लं घेण्याचा मोह बहुतेकांना होतो तो रंगांमुळे. १९९२मध्ये अमेरिकेत बॉब क्लार्क यांनी पहिला घरात जन्मलेला अल्बिनो बॉल पायथन आणला: पांढऱ्यावर पिवळी नक्षी, लाल डोळे. त्यानंतर पांढरी ठिगळं असलेला पाइड आला, पेस्टल आला, आणि आता अशा रंगरूपांची, ज्यांना ‘मॉर्फ’ म्हणतात, गणती हजारांत जाते. अल्बिनोचा रंग दबका असतो. आई आणि बाप दोघांकडून जनुक आला तरच दिसतो. बाहेरून साधे पण जनुक बाळगणारे दोन साप, बाजाराच्या भाषेत ‘हेट’, एकत्र आणले तर प्रत्येक अंड्यातून अल्बिनो निघण्याची शक्यता चारात एक. म्हणजे सहा अंड्यांत हमखास एक तरी, असं लोक धरून चालतात. सहाही साधी निघण्याची शक्यता सुमारे १८ टक्के आहे. त्या साध्या तपकिरी पिल्लांना भाव नसतो आणि घरंही सहज मिळत नाहीत.

‘स्पायडर’ नावाच्या मॉर्फची गोष्ट जास्त गंभीर. बारीक काळ्या रेषांच्या नक्षीसाठी तो १९९९पासून लोकप्रिय झाला, पण त्याचं डोकं डुलतं, मान मुरगळल्यासारखी वळते, कधी तो झेप घेतो आणि भलतीकडेच जातो. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या सापांच्या आतल्या कानातच, तोल सांभाळणाऱ्या भागात, विकृती आढळली. जी नक्षी, तोच दोष; एक ठेवून दुसरा काढता येत नाही. ब्रिटनमधल्या इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीने आपल्या प्रदर्शनांत या मॉर्फची विक्री बंद केली. मुंबईत ज्याला पहिला साप घ्यायचा आहे त्याने स्पायडर घेऊ नये आणि त्याची वीण तर मुळीच करू नये.

याच छंदाची एक सुंदर बाजूही २०२२मध्येच पुढे आली. अमेरिकेतल्या ईस्टर्न मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी अल्बिनो रंगामागचा जनुक शोधला, तोही एकाही सापाला सुई न टोचता. पाळणाऱ्यांनी आपापल्या सापांच्या टाकलेल्या काती टपालाने पाठवल्या आणि त्यांतून डीएनए काढला गेला.

निसटला तर

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान बोरिवली, गोरेगाव, भांडुप, मुलुंड यांच्या मधोमध पसरलेलं आहे, सुमारे १०४ चौरस किलोमीटर. तिथे आपला भारतीय अजगर राहतो आणि पावसाळ्यात तो आरे, पवई, मुलुंडच्या वसाहतींत गटारातून, कुंपणाखालून येतो. सर्पमित्र येतात, पकडतात, वनखात्याकडे नोंद होते आणि त्याला पुन्हा रानात सोडतात. ही घडी इथे चांगली बसलेली आहे.

नेमकी तिच्यामुळेच निसटलेला बॉल पायथन अडचणीत येतो आणि रानालाही अडचणीत आणतो. साध्या रंगाचं पिल्लू घाईत भारतीय अजगराचं पिल्लू समजलं जाऊ शकतं. फरक दिसतो, पण बघावा लागतो: आपल्या अजगराच्या डोक्यावर भाल्याच्या पात्यासारखी खूण असते आणि फिकट अंगावर गडद चौकोनी ठिपके, बॉल पायथन आखूड, जाडसर, अंग काळपट आणि त्यावर फिकट गोलसर डाग, मान डोक्यापेक्षा स्पष्ट बारीक. चुकून तो उद्यानात सोडला गेला तर बहुधा जगणार नाही, पण मरण्याआधी पिसवांसारखे किडे आणि श्वसनाचे विषाणू देशी सापांना देऊ शकतो. कंटाळून मुद्दाम सोडून देणं तर त्याहून वाईट. अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समध्ये पाळीव बाजारातून सुटलेल्या बर्मी अजगरांनी ससे, रॅकून आणि ऑपॉसम जवळपास संपवत आणले आहेत.

म्हणून पेटीला कुलूप हवं, नुसतं झाकण पुरत नाही. हा साप डोक्याने ढकलत राहतो, रात्रभर, आणि जिथे नाक शिरलं तिथून तो पूर्ण निघतो. तरीही निसटलाच तर आधी बाथरूमच्या जाळ्या आणि दाराखालची फट बंद करायची. मग फ्रीजच्या मागे कॉम्प्रेसरजवळ, वॉशिंग मशीनखाली, सोफ्याच्या अस्तरात शोधायचं. तो ऊब आणि अरुंद जागा शोधत गेलेला असतो, लांब नाही. रात्री फरशीवर भिंतीकडेने पीठ भुरभुरलं तर सकाळी त्याची वाट दिसते. शेजाऱ्यांना सांगायचं, लपवायचं नाही. घाबरलेला शेजारी काठी उचलतो. ज्याला आधीच माहीत आहे की साप बिनविषारी आहे आणि कुणाच्या घरचा आहे, तो फोन उचलतो. सोसायटीच्या बाहेर गेला असेल तर वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवायचं, परदेशी जात आहे हे पहिल्याच वाक्यात सांगायचं आणि सोबत सापाचा स्पष्ट फोटो आणि नोंदणी प्रमाणपत्राची प्रत पाठवायची. सापाच्या अंगावर मालकाचं नाव लिहिलेलं नसतं. तो कुणाचा आहे आणि कुठे परत जाणार, हे त्या कागदावरच ठरतं.